दुर्रीची जोडी

जोडी मोडू नये, हा संस्कार माझ्यावर फार लहानपणी झाला. समयांची जोडी, पाटांची जोडी, वहाणांची जोडी. आमच्या वाड्यातल्या कुणाची एक वहाण देवळाबाहेरून गेली, तर तो उरलेली एक हातात घेऊन अनवाणी घरी यायचा आणि ती माळ्यावर टाकायचा. न जाणो, चोराला उपरती झाली तर! माझ्या कपाटात आज एकेकटे असे सात मोजे आहेत. मोज्यांना डावा-उजवा नसतो म्हणतात, पण हे सातही मला डाव्या पायाचेच वाटतात. तेव्हा अशा माणसाच्या हातात वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, एका घराच्या तळघरात, इस्पिक दुर्री आणि चौकट दुर्री अशी दोन पानं एकदम आली, तर त्यानं ती मुकाट्यानं टाकून द्यावीत ही अपेक्षाच मुळी अमानुष नाही का?

पण आमचे चिरंजीव तशी अपेक्षा करतात. त्यांचंच तळघर.

अमेरिकेत मुलाकडे सहा महिने जाऊन राहिलेल्या माणसाला मी काही नवीन सांगायला नको. पहिला महिना कौतुकात जातो. दुसऱ्या महिन्यात कचऱ्याचा कुठला डबा कुठल्या वारी बाहेर ठेवायचा हे पाठ होतं. तिसऱ्या महिन्यात त्या डब्यांची वाट बघणं हाच एक कार्यक्रम उरतो. अशा अवस्थेत चिरंजीवांनी एका शुक्रवारी विचारलं, "बाबा, खाली येता का? पोकर खेळतोय आम्ही."

"जुगार?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. कढईत फोडणी चुरचुरत असताना हिला माझी हाक ऐकू येत नाही. हा शब्द मात्र आला.

"वीस डॉलरचा खेळ आहे, आई. चौघं सिनेमाला गेलो तर जास्त जातात."

"सिनेमात निदान गाणी असतात," ही म्हणाली. पण मला जाऊ दिलं. दिवसभर मी हिच्या मागे मागे फिरत असे, त्यापेक्षा जुगार बरा असा तिनं हिशेब केला असावा.

पत्त्यांच्या बाबतीत मी अगदीच अडाणी नाही. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, तीनशेचार, दिवाळीत पाच पैसे पॉइंटानं तीन पत्ती असा रीतसर अभ्यासक्रम पुरा केलेला आहे. पण आमच्याकडे लहान पानांना कधी मान नव्हता. तीनशेचार म्हणा, पाच-तीन-दोन म्हणा, डाव मांडायच्या आधी दुर्रीपासून छक्कीपर्यंतची सगळी पानं काढून डब्यात टाकायची. मे महिन्याच्या सुट्टीत मोठी पानं खेळून खेळून दुमडून, तेलकट होऊन फाटायला यायची आणि डब्यातल्या दुर्र्या-तिर्र्या कोऱ्या करकरीत! बदाम सातमध्ये त्यांना प्रवेश असे, पण दुर्री ज्याच्या हातात राहील त्याची शोभा व्हायची.

पोकरच्या या प्रकाराला टेक्सस होल्डेम म्हणतात. टेक्सासमधलं रॉब्सटाउन हे त्याचं जन्मगाव, असं तिथल्या विधिमंडळानं 2007 साली रीतसर ठराव करून जाहीर केलं आहे. (आमच्याकडेही पत्त्यांकडे सरकारचं लक्ष असतंच. महाराष्ट्रानं 1976 साली कसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि 2023 साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षं पान हातात धरलं. लावलंही नाही, टाकलंही नाही. मी या राज्याचा सच्चा नागरिक आहे हे पुढे कळेलच.)

खेळ सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं, झाकलेली. मधे पाच पानं उघडी, ती सगळ्यांची मिळून. या सातांतून ज्याची पाच चांगली त्याचा गल्ला. मधली पाच एकदम उघडत नाहीत. आधी तीन, मग एक, मग आणखी एक. आणि प्रत्येक उघडण्याच्या आधी-नंतर पैसे लावायची फेरी. 'नो लिमिट' असल्यामुळे कुणीही केव्हाही आपल्यापुढचे सगळेच्या सगळे पैसे पुढे ढकलू शकतो. पहिल्या तीन पानांना म्हणतात फ्लॉप. आम्हाला फ्लॉप म्हटलं की दुसऱ्या आठवड्यात उतरलेला सिनेमा आठवतो. इथे फ्लॉपसाठी माणसं पैसे मोजतात.

आणि तुमच्या हातात दुर्रीची जोडी असताना फ्लॉपमध्ये तिसरी दुर्री आली, तर त्याला म्हणतात 'सेट'. हा शब्द ऐकला आणि खेळ मला एकदम आपला वाटला. आमच्या पिढीनं आयुष्यभर दुसरं केलं काय? मुलगा सेट झाला का, मुलगी सेट झाली का, तुमचं रिटायरमेंटनंतरचं सगळं सेट आहे ना? इथे फक्त पत्ता सेट व्हायचा होता.

पहिले काही शुक्रवार मी जोडी आली की हात सोडलाच नाही. मंडळी चांगली होती. एक नागपूरकर, एक तेलुगू डॉक्टर, एक ठाण्याचे जोशीबुवा छापाचे सॉफ्टवेअरवाले आणि एक गुजराती सद्गृहस्थ. ते हरले तरी इतके समाधानी दिसायचे की पैसे आपलेच गेले असं वाटावं. मी "काका" म्हणून आलो, त्यामुळे सुरुवातीला माझ्यावर कुणी जोरात पैसे लावत नसे. मग त्यांच्या लक्षात आलं की काकांच्या हातात जोडी असली की काका चष्मा पुसतात. तिथून काकांचा आदर संपला.

एक हात मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझ्याकडे दुर्रीची जोडी, नागपूरकरांकडे एक्का-गुलाम. फ्लॉप आला राजा, नव्वी, चौकी. मी हात सोडला नाही. चौथं पान पुन्हा नव्वी. तरीही मी पुढेच, कारण नव्वीची जोडी सगळ्यांची, पण त्यावर माझ्या दुर्र्या होत्या आणि नागपूरकरांच्या हातात साधी जोडीसुद्धा नव्हती. पाचवं पान आलं राजा. आता टेबलावरच राजाची जोडी, नव्वीची जोडी. पाचच पानं मोजायची म्हटल्यावर माझ्या दुर्र्या पंगतीतून उठवल्या गेल्या. चार पानं दोघांची सारखी. पाचवं माझं टेबलावरची चौकी, त्यांचा एक्का! म्हणजे शेवटच्या पानापर्यंत मी जिंकत होतो आणि कुणी मला हरवलंही नाही. नुसते दोन मोठे पाहुणे आले आणि घरातल्या लहानांना म्हणाले, "बाळांनो, तुम्ही मागाहून बसा."

"काका, छोटी जोडी अशीच असते," नागपूरकर गल्ला ओढत म्हणाले. "तिला फ्लॉपच्या आधी विचारून घ्यायचं, येतेस का. नंतर नाही."

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. अडतीस वर्षं बँकेत खाती जुळवली आहेत. आकड्याला मी भीत नाही. जोडी येणार सतरा वेळांत एकदा, कारण पहिलं पान कुठलंही असो, उरलेल्या 51 पानांत त्याची भावंडं तीनच. नेमकी दुर्रीचीच जोडी हवी तर 221 वेळांत एकदा. आता माझ्याकडे दोन दुर्र्या आहेत, बाहेर 50 पानं, त्यांत दुर्र्या दोन. फ्लॉपची तिन्ही पानं कोरडी जाण्याची शक्यता निघाली 2450 पैकी 2162. राहिले 288. म्हणजे साडेआठ वेळांत एकदा सेट! मी दोनदा गुणाकार तपासला. साडेआठ वेळांत साडेसात वेळा माझी जोडी नुसतीच बसून राहणार आणि मी तिच्या कौतुकात डॉलर घालवणार.

सकाळी मी हा शोध चिरंजीवांना सांगितला. त्यांनी चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं, "बाबा, हे सगळ्यांना माहीत असतं."

मग मात्र त्यांनी नीट समजावलं. लहानपणी त्यांना मी अपूर्णांक ज्या आवाजात शिकवले होते, त्याच आवाजात. म्हणाले, छोटी जोडी ही जोडी म्हणून खेळायचीच नाही, सेटच्या आशेवर खेळायची. समोरच्यानं साठ सेंट लावले आणि दोघांपुढेही वीस-वीस डॉलर आहेत, तर साठ सेंट टाकून फ्लॉप बघावा. सेट आला तर त्याचे वीसच्या वीस मिळण्याची आशा. नाही आला तर साठ सेंटवर पाणी सोडून उठायचं. पण त्यानं चार डॉलर लावले, तर वीसातले चार घालून साडेआठात एकदाची वाट बघायची नाही. पुढच्या पैशांच्या निदान पंधरावा हिस्सा, खरं म्हणजे विसावा, एवढाच खर्च फ्लॉपआधी झेपतो.

"साडेआठात एकदा, तर साडेआठपट पुरे की," मी म्हटलं.

"नाही ना! सेट आला तरी समोरचा दर वेळी सगळे पैसे देतो का? त्याच्याकडे काहीच नसेल तर तो उठून जाईल. आणि क्वचित त्याचाही सेट असतो, तुमच्याहून मोठा."

"मग सगळे पैसे आधीच पुढे ढकलले तर?"

"समोर एक्का-राजा असेल तर जवळजवळ निम्मं-निम्मं, बहुतेक दुर्री केसभर पुढेच. पण समोर मोठी जोडी असली तर पाचात एकदा वाचाल. आणि तुम्हाला कळणार कसं, काय आहे? पैसे थोडेच उरलेत, तुम्ही शेवटी बोलणारे आहात, आधीच्यांनी पानं टाकलीत, तेव्हा ढकला. एरवी नको."

शेवटी बोलणाऱ्याला या खेळात फार महत्त्व. आधीचे काय करतात ते बघून त्याला ठरवता येतं. छोटी जोडी घेऊन पहिल्यांदा बोलायची पाळी आली तर आपण भाबडेपणानं वीस सेंट टाकतो आणि मागून एक जण दोन डॉलर करतो, दुसरा सहा करतो आणि आपले वीस सेंट अनाथ होतात. आमच्या घरात शेवटचं बोलायची जागा गेली बेचाळीस वर्षं कुणाची आहे हे सांगायला नको. माझी जडणघडणच पहिल्यांदा बोलून पस्तावणाऱ्याची.

हे सगळं चालू असताना ही ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "अहो, सोपं आहे. आठ दुकानं हिंडायची असतील तर पैठणीसाठी हिंडावं. रुमालासाठी नाही."

चिरंजीव थक्क होऊन आईकडे बघत राहिले. म्हणाले, यावर लोकांनी जाडजाड पुस्तकं लिहिली आहेत आणि त्यांत हे एवढं वाक्य कुठे नाही.

त्या शुक्रवारपासून ही पण खाली यायला लागली. खेळायला नव्हे. विणकाम घेऊन, माझ्या मागच्या खुर्चीत. भारतातून आणलेली वाण्याच्या हिशेबाची डायरी तिच्या मांडीवर असे. तिसऱ्या का चौथ्या शुक्रवारी कळलं की ती त्या डायरीत माझ्या जोड्या मांडते आहे. छक्कीपर्यंतच्याच. डॉक्टरांनी तिला या जोड्यांची अमेरिकन टोपणनावंही सांगितली होती. दुर्रीची जोडी म्हणजे बदकं, तिर्रीची खेकडे, चौकीची शिडाच्या होड्या. त्यामुळे डायरीत 'तांदूळ, तूरडाळ, हिंग' याच्याखाली 'बदकं – गेली. खेकडे – गेले. होड्या – गेल्या' अशी नोंद. कुणी तिऱ्हाइतानं वाचली तर कोकणात पूर आला असं वाटावं.

दहा शुक्रवारांनंतर तिनं बेरीज केली. छोट्या जोड्या 24. तिसरं पान आलं ते 3 वेळा. माझा साडेआठाचा हिशेब इतका तंतोतंत उतरलेला पाहून मला बँकेत ट्रायल बॅलन्स जुळल्यासारखा आनंद झाला.

"आणि आलं नसताना सोडलं किती वेळा?" हिनं विचारलं.

"किती?"

"चार. सतरा वेळा नुसतंच धरून बसलात."

मी म्हटलं, "अगं, पण जोडी होती ना."

यावर तिनं डायरीची मागची पानं उलटली आणि एक पान माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं 'सोसायटी'.

आता थोडं आमच्या जागेबद्दल सांगावं लागेल. डोंबिवलीत 1984 साली आम्ही दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा तिसरा मजला मी मुद्दाम घेतला होता. वारा चांगला येतो आणि पाण्याचं प्रेशर ही दुसऱ्यांची काळजी अशी समजूत होती. गेली अकरा वर्षं आमच्या बिल्डिंगचा पुनर्विकास होऊ घातला आहे. 'होऊ घातला आहे' हे क्रियापद महाराष्ट्रात फक्त पुनर्विकासासाठीच राखून ठेवलं आहे. तीन बिल्डर आले, नकाशे दाखवले, बटाटेवडे खाल्ले, गेले. दर सभेला सेक्रेटरी सांगतात, या दिवाळीपर्यंत नक्की. मुलगा सांगतो, विका, लिफ्टवाली जागा घ्या, कमी पडतील ते मी घालतो. मी सांगतो, आता विकली आणि पुढच्या वर्षी नवी बिल्डिंग उभी राहिली तर? सगळ्यांना मोठ्या जागा मिळतील आणि आपण रस्त्यावरून बघत बसू.

हिच्या पानावर लिहिलं होतं: सभा 9. झालं काही – 0. त्याखाली: पायऱ्या 54. त्याखाली: दिवसातून 3 वेळा – आता 1. सर्वांत खाली, बारीक अक्षरात: गुढघा डावा, गुढघा उजवा, आणि दोन्हींपुढे बरोबरची खूण.

ही जोडी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. भाजी मी आणायला लागलो होतो, देवळात ती आठवड्यातून एकदाच जायला लागली होती, आणि मी इतरांना सांगत होतो की हिला आता घरातच बरं वाटतं.

"तू बोलली नाहीस कधी," मी म्हटलं.

"तुम्हाला वारा आवडतो ना," ती म्हणाली आणि डायरी मिटून सुया चालवायला लागली. शेवटचं बोलायची जागा तिचीच.

मी दोन दिवस जरा घुश्शातच होतो. कुणावर ते ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं फोन केलात. पुढच्या महिन्यात सभा आहे. या वेळी नक्की." त्यांच्या आवाजात इतका विश्वास होता की मी चष्मा काढून पुसायला लागलो आणि पुसता पुसता थांबलो. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दलाल बसतो, त्याचा नंबर शेजाऱ्यांकडून मागवला. नुसता मागवला. फोन केला नाही.

परतीच्या आधीचा शेवटचा शुक्रवार. साडेदहाच्या सुमाराला मला पानं आली: चौकट दुर्री, किलवर दुर्री. नागपूरकरांनी ऐंशी सेंट लावले. डॉक्टरांनी चार डॉलर केले. माझ्यापुढे एकोणीस डॉलर आणि काही चिल्लर. मला तो चौकटीचा दुर्री पहिल्या दिवशीचाच आहे असं उगीच वाटलं. चष्मा नाकावरच राहू दिला. मागे सुयांचा आवाज थांबलेला मला ऐकू आला. चार एके चार, चार पंधरे साठ. एकोणीसात साठ बसत नाहीत हे पहिलीतल्या पोरालाही कळतं. मी पानं पुढे सरकवली.

"काका सोडतायत?" गुजराती सद्गृहस्थ म्हणाले. त्यांनी स्वतः कधीच काही सोडलेलं नाही.

नागपूरकरांनी उरलेले पैसे भरले. फ्लॉप आला: इस्पिक राणी, किलवर सत्ती, बदाम दुर्री.

मी टेबलाखाली स्वतःचाच अंगठा धरून बसलो. डॉक्टरांनी सहा डॉलर लावले, नागपूरकरांनी जरा विचार करून पानं टाकली. कुणीच काही दाखवलं नाही. मी जिंकलो असतो, की डॉक्टरांकडे राणीची जोडी होती आणि माझे एकोणीसही गेले असते, हे आता कधीच कळायचं नाही. चिरंजीवांनी विचारलं, "बाबा, काय होतं?" मी म्हटलं, "काही विशेष नाही."

मागे मात्र पेन्सिल कागदावर चालली. मी वळून पाहिलं. हिनं लिहिलं होतं: 'बदकं – सोडली.' मग तिनं डायरी मिटली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलं आणि हलक्या आवाजात मला म्हणाली, "अहो, तिकडे सकाळचे आठ वाजून गेले. तो दलाल उठला असेल का?"